व्यायामाच्या आधी मांडीवर लेझर, भाजलेल्या माणसाचा दम खरंच वाढतो का?

धाकट्याची_ताई

नमस्कार, जरा लांबलचक लिहितेय, समजून घ्या. माझा धाकटा भाऊ, वय २७, पाच महिन्यांपूर्वी आगीत भाजला, ३५ टक्के, पाठ, दोन्ही पोटऱ्या आणि उजवा हात. तीनदा ग्राफ्टिंग झालं, त्यासाठी कातडी दोन्ही मांड्यांवरून काढली. आता जखमा सगळ्या भरल्यात, घरी आहे, अंघोळ जेवण स्वतःचं स्वतः करतो, खाज आहे ती आहेच, पण मुख्य म्हणजे अंगात दमच राहिला नाहीये त्याच्या. जिना १८ पायऱ्यांचा, आणि हा सातव्या पायरीवर थांबतो, रोज सातव्याच, डावा हात कठड्यावर, मान खाली, मांड्या अशा थरथरत असतात की पायजम्याच्या कापडावरून दिसतं. मी एक पायरी खाली उभी असते, काही बोलत नाही, कारण बोललं की उत्तर द्यायला त्याला श्वास खर्च करावा लागतो. आधी हा मुलगा तास तासभर फुटबॉल खेळायचा हो.

आता मुद्द्यावर येते. फिजिओथेरपीला आठवड्यातून तीन दिवस जातो. तिथल्या मॅडम म्हणाल्या की सायकल आणि वजनं सुरू करायच्या आधी दोन्ही मांड्यांवर दहा-बारा मिनिटं लेझर देऊ, स्नायू लवकर थकणार नाहीत, व्यायाम जास्त होईल, फिटनेस लवकर येईल. घरी सांगितलं तर आईचा चेहराच उतरला, म्हणाली एकदा जळलंय पोर, आता परत लेझरने भाजायचं का त्याला. काका म्हणतात लेझर व्रणांसाठी असतं, स्टॅमिनाशी त्याचा काय संबंध, उगाच काहीतरी माथी मारतायत. मॅडमना विचारायला गेले तर मागे पेशंटची रांग, त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं, मला नीट कळलं नाही आणि परत विचारायचा संकोच वाटला.

उजेडाने स्नायूला ताकद कशी काय मिळते हे कोणी समजावून सांगेल का, आणि जिथून कातडी काढली त्याच मांडीवर हे चालतं का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे खरंच उपयोगाचं आहे की नुसतं मनाचं समाधान. त्याला आशा लावायची आणि मग ती मोडायची, हे मला परत नकोय.

पाऊलवाट

ताई, मी फिजिओ आहे, बर्न वॉर्डात नऊ वर्षं काम केलंय. तुम्ही परत विचारायचा संकोच करू नका, मॅडमना खरंच विचारा, पण तोवर मला जमतंय तेवढं सांगतो.

आधी आईंची भीती. लेझर हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना वापरतात म्हणून हा घोळ होतो. काका म्हणतात ते चूक नाहीये, व्रणांसाठी लेझर असतंच. त्यात एक कार्बन डायऑक्साइड लेझर, तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर, ते कातडीतल्या पाण्यात शोषलं जातं आणि मुद्दाम बारीक बारीक भोकं पाडतं म्हणजे जाड व्रण मऊ पडावा. दुसरं पल्स्ड डाय लेझर, ५९५ नॅनोमीटरच्या आसपास, ते व्रणाचा लालपणा कमी करायला. ही दोन्ही डॉक्टरच्या हातातली कामं. मॅडम म्हणतायत ते लो लेव्हल लेझर, हल्ली त्याला फोटोबायोमॉड्युलेशन म्हणतात, लाल किंवा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश, साधारण ६४० ते ९५० नॅनोमीटरमधला, ताकद एवढी कमी की प्रोब, म्हणजे मशीनची प्रकाश देणारी कांडी, कातडीवर टेकवला तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही, फार तर किंचित ऊब. आईंना एकदा सोबत घेऊन जा आणि मॅडमना सांगून त्यांच्याच तळहातावर प्रोब टेकवायला लावा. दहा माणसांनी समजावण्यापेक्षा ते बरं.

आता उजेडाने स्नायूचं काय होतं. स्नायूच्या पेशीत मायटोकाँड्रिया असतात, तिथे अन्नातून आलेल्या इंधनाचं एटीपी बनतं, आणि एटीपी हवं तेवढ्या वेगाने बनलं नाही की स्नायू लवकर थकतो. त्या मायटोकाँड्रियात सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं एक एन्झाइम आहे, ते हा लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश शोषतं. असं मानतात की त्यामुळे तिथे अडकून बसलेला नायट्रिक ऑक्साइड सुटतो, ऑक्सिजनचा वापर सुरळीत होतो, एटीपी जास्त बनतं, आणि सुटलेल्या नायट्रिक ऑक्साइडमुळे तिथल्या रक्तवाहिन्याही जरा रुंदावतात. ही गोष्ट तशी जुनी, १९६७ साली बुडापेस्टला एंद्रे मेस्टर नावाच्या डॉक्टरांनी उंदरांची पाठ भादरून त्यावर रुबी लेझर टाकलं, बघायचं होतं ट्यूमरचं काय होतं, आणि झालं भलतंच, लेझर दिलेल्या उंदरांचे केस लवकर उगवले. तिथून हे सगळं सुरू झालं.

भाजलेल्या पेशंटला याचा विचार का करतात ते मात्र नीट समजून घ्या, कारण तुमच्या भावाच्या सातव्या पायरीचं उत्तर त्यातच आहे. २० टक्क्यांच्या वर भाजलं की सगळं शरीर पेटल्यासारखं वागतं, विश्रांती घेतानाही इंधन जाळत राहतं, आणि हे जखमा भरल्यावर थांबत नाही, वर्ष दोन वर्षंसुद्धा चालतं. ते इंधन कुठून येतं तर स्नायूंतून. वरून अंथरुणात पडून राहणं. त्यात परत मायटोकाँड्रियांचं काम बिघडतं, म्हणजे इंधन जळतं पण त्यातून काम कमी आणि उष्णता जास्त निघते. तर तुमचा भाऊ आळस करत नाहीये आणि मनाने खचला म्हणून थांबतोय असंही नाही, त्याच्या मांडीत आधीएवढं मांसच नाहीये आणि आहे ते नीट पेट घेत नाहीये. हे त्याला सांगा. माझ्याकडे येणारे कितीतरी पेशंट मनातल्या मनात स्वतःला दोष देत असतात.

डोसचं बोलतो, कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. लेझरचा डोस ज्यूलमध्ये मोजतात, पॉवर गुणिले वेळ. समजा प्रोब १०० मिलिवॅटचा आहे आणि एका जागी ६० सेकंद धरला, तर ६ ज्यूल गेले. मांडीच्या पुढच्या स्नायूवर असे दहा बिंदू घेतले की ६० ज्यूल. या विषयात बरंच काम केलेल्या मंडळींनी २०१८ मध्ये निरोगी लोकांसाठी शिफारशी काढल्या, त्यात मोठ्या स्नायूंना ६० ते ३०० ज्यूल, लहान स्नायूंना २० ते ६०, आणि व्यायामाच्या ५ मिनिटं ते ६ तास आधी, असं आहे. म्हणजे एका मांडीवर दोन बिंदू घेऊन उरकलं तर त्याला अर्थ नाही. मॅडमना एवढंच विचारा, एका मांडीला एकूण किती ज्यूल देताय. चांगल्या फिजिओला हा प्रश्न आवडतो, राग येत नाही.

कातडी काढलेल्या मांडीचं म्हणाल तर, डोनर साइट पूर्ण भरली असेल, ओली नसेल, सोलपटत नसेल, तर चालतं. फक्त तिथला रंग बघा. गडद झालेल्या कातडीत मेलॅनिन जास्त, तो प्रकाश वरच्या वरच शोषतो आणि ऊब जास्त लागते, म्हणून तिथे हात ठेवून आधी स्पर्श नीट कळतोय का ते तपासून मगच द्यायचं. जिथे बधिर आहे तिथे नको. प्रेशर गारमेंट, म्हणजे व्रण दाबून ठेवणारा घट्ट कपडा, काढून द्यायचं, कापडावरून दिलं की बराच उजेड कापडातच जातो, आणि प्रोब कातडीवर नीट दाबून धरायचा म्हणजे तिथलं रक्त जरा बाजूला सरतं आणि प्रकाश आत जातो. संपलं की गारमेंट परत चढवायचं.

आणि गॉगल. पेशंटला, देणाऱ्याला, खोलीत बसलेल्या तुम्हालाही. इन्फ्रारेड दिसत नाही त्यामुळे डोळा आपोआप मिटत नाही आणि पडद्याला इजा झालेली कळतही नाही. साधा उन्हाचा गॉगल चालत नाही, त्या तरंगलांबीचाच लागतो.

नवी_कातडी

ताई मी स्वतः भाजलेली आहे, ४० टक्के, आता दोन वर्षं होऊन गेली. तुमचं ते सातव्या पायरीचं वाचून मी फोन खाली ठेवला जरा वेळ, कारण माझं तसंच होतं, फक्त माझी पायरी पाचवी होती.

मला लेझर दिलं होतं बारा आठवडे. कसं असतं सांगते म्हणजे भावाला आधीच कल्पना येईल. पलंगावर आडवं करायचे, गुडघ्याखाली उशी, मग मांडीवर स्केच पेनने ठिपके काढायचे, माझ्या मांडीवर दोन ओळी होत्या सहा सहा ठिपक्यांच्या, आणि एकेका ठिपक्यावर प्रोब दाबून धरायचा, टिंग वाजलं की पुढचा. दुखत नाही काही, उलट मला कंटाळा यायचा. ठिपके दुसऱ्या दिवशी पुसले की परत काढायचे. पहिल्या दिवशी मी भीतीने घामाघूम झाले होते, म्हणजे जिथे घाम येतो तिथे, आणि प्रोब टेकवल्यावर विचारलं सुरू कधी करताय, तर त्या म्हणाल्या तिसरा ठिपका चाललाय.

उपयोग झाला का असं विचाराल तर मी खरं सांगते, मला माहीत नाही त्यातला किती भाग लेझरचा आणि किती व्यायामाचा. मला जाणवलं ते हे की दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणं कमी होतं. आधी सोमवारी सायकल मारली की बुधवारपर्यंत जिना उतरताना रडू यायचं आणि बुधवारचा व्यायाम मी काहीतरी कारण काढून टाळायचे. लेझर सुरू झाल्यावर बुधवार चुकायचा बंद झाला. माझ्या मते फायदा झाला असेल तर तो असा झाला, एकेका दिवशी जास्त व्यायाम झाला म्हणून नाही, तर खंड पडला नाही म्हणून.

पण एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती ती मी सांगते, आणि ती लेझरपेक्षा मोठी आहे. उष्णता. ग्राफ्ट लावलेल्या कातडीला घाम येत नाही, घामाच्या ग्रंथी खाली राहतात, पातळ ग्राफ्टसोबत येत नाहीत. त्यामुळे सायकल मारताना उरलेल्या कातडीलाच सगळ्या अंगाची उष्णता बाहेर काढावी लागते. मला एकदा सायकलवर एकदम डोळ्यांपुढे अंधारी आली, कान बंद झाल्यासारखे, चेहरा लालबुंद, आणि पाठ कोरडी ठणठणीत. सगळ्यांना वाटलं स्टॅमिना कमी आहे. स्टॅमिना नव्हता कमी, मी आतून तापले होते. तुमच्या भावाची अख्खी पाठ गेलीये म्हणताय, तर त्याला पंख्यासमोर बसवूनच सायकल मारू द्या, अंगावर पाण्याचा फवारा मारत राहा, दुपारची वेळ घेऊ नका, मध्ये मध्ये पाणी. मला वाटतं सातव्या पायरीतली एखादी पायरी तरी नुसत्या उष्णतेची असेल.

शरीरशास्त्र_शिकवतो

चर्चा चांगली चालली आहे, मी जरा दुसरी बाजू मांडतो, कोणाला नाउमेद करायचा हेतू नाही, पण ताईंनी स्वतःच विचारलंय की आशा मोडायला नको, म्हणून.

व्यायामाआधी लेझर किंवा एलईडी देऊन थकवा कमी होतो का यावर खेळाडू आणि निरोगी माणसांवर भरपूर प्रयोग झालेत. काहींत फरक दिसला, म्हणजे स्नायू थकेपर्यंतची पुनरावर्तनं वाढली, रक्तातलं क्रिएटिन कायनेज, जे स्नायूला इजा झाली की वाढतं, ते कमी चढलं, तर काहींत काहीच फरक नाही. एकाने ८१० नॅनोमीटर घेतलं, एकाने ६६०, एकाने ६ ज्यूल दिले तर एकाने ३००, मग निकाल जुळणार कसे. शिवाय या उपचाराचा एक स्वभाव आहे, डोस कमी पडला तर उपयोग नाही आणि फार झाला तर उलटा परिणाम, मधेच कुठेतरी फायद्याची जागा. जास्त दिलं म्हणजे जास्त चांगलं हे इथे लागू होत नाही, त्यामुळे कोणी म्हणालं दुप्पट वेळ देऊ तर नको म्हणा.

दुसरं म्हणजे मनाचा परिणाम. इथे तो तपासणं तसं सोपं असतं, इन्फ्रारेड दिसत नाही आणि जाणवत नाही, म्हणून मशीन बंद ठेवून प्रोब टेकवला तरी पेशंटला कळत नाही, आणि चांगल्या प्रयोगात अर्ध्या लोकांना असंच देतात. तर कोणी तुम्हाला फायद्याचे आकडे दाखवले की पहिला प्रश्न हा विचारा की दुसऱ्या गटाला बंद प्रोब लावला होता का.

तिसरं, आणि माझ्या दृष्टीने हे सगळ्यात महत्त्वाचं. भाजलेल्या माणसाच्या मांडीवर भरलेल्या जखमेचा थर असतो, कधी जाड, कधी चिवट, आणि खेळाडूच्या मांडीवर तो नसतो. प्रकाशाचा बराचसा भाग कातडीच्या पहिल्या काही मिलिमीटरमध्येच संपतो. म्हणून खेळाडूंचे ज्यूल जसेच्या तसे इकडे आणले तर स्नायूपर्यंत तेवढे पोचतीलच असं नाही. पाऊलवाट यांनी बिंदू मोजायला सांगितलं ते बरोबर, मी म्हणेन बिंदू शक्यतो चांगल्या कातडीवर घ्या.

याउलट व्यायामाचा पुरावा बघा. टेक्सासमध्ये गॅल्व्हेस्टनला मुलांच्या बर्न हॉस्पिटलात ४० टक्के आणि त्याहून जास्त भाजलेल्या मुलांना, भाजल्यानंतर सहा महिन्यांनी, १२ आठवडे वजनं आणि चालण्या-पळण्याचा व्यायाम दिला, २००१ साली ते प्रसिद्ध झालं. ज्यांनी देखरेखीखाली व्यायाम केला त्यांची ताकद वाढली, स्नायूंचं वजन वाढलं, चालण्याची क्षमता वाढली, आणि ज्यांना नेहमीचीच घरची फिजिओ मिळाली त्यांच्यात तसं झालं नाही. तोवर डॉक्टरांना भीती होती की आधीच झिजलेल्या शरीराला व्यायाम दिला तर आणखी झिजेल. तसं झालं नाही. तर ताई, फिटनेस वाढवणारं औषध व्यायाम आहे, लेझर झालंच तर त्याच्या आधीची मदत. मॅडम लेझर देऊन सायकलची वेळ कमी करत असतील तर मात्र नक्की बोला.

धाकट्याची_ताई

तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ काढून लिहिलंत, खरंच आभारी आहे. आईला नवी कातडी ताईंचा रिप्लाय मोठ्याने वाचून दाखवला, ती दोनदा ऐकली आणि मग म्हणाली गुरुवारी मी पण येते. भावाला पाऊलवाट दादांचं ते मांस नाहीये वगैरे सांगितलं, तो काही बोलला नाही, पण नंतर स्वतःहून पायजमा गुडघ्यापर्यंत सरकवून मांडी बोटांनी चाचपून बघत होता.

दोन शंका आहेत अजून. एक म्हणजे त्याला प्रोप्रानोलॉल चालू आहे, हॉस्पिटलातूनच दिलीये, सायकलवर स्क्रीनला जो हृदयाचा आकडा येतो तो वाढतच नाही, ११० च्या वर जात नाही, आणि तिकडचा एक शिकाऊ मुलगा म्हणाला आकडा येत नाही म्हणजे जोर लावत नाहीयेस. भावाला ते फार लागलं. आणि दुसरं, सध्या खाजेच्या पुळ्यांसाठी डॉक्सिसायक्लिन दिलंय दहा दिवसांसाठी, त्याचा लेझरशी काही संबंध येतो का?

पाऊलवाट

त्या मुलाला सांगा की आकडा औषधाने अडवलाय, भावाने नाही. प्रोप्रानोलॉल बीटा ब्लॉकर आहे, मोठ्या भाजण्यात ती मुद्दामच देतात, हृदयाचे ठोके आणि ते पेटलेलं शरीर जरा शांत व्हावं म्हणून, स्नायूंची झीजही त्याने कमी होते. त्यामुळे या पेशंटला ठोक्यांवर व्यायाम मोजायचाच नसतो. त्याऐवजी बोर्ग स्केल घ्या, ६ ते २० चा तक्ता असतो, ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत आणि २ तास धावून कोसळायची वेळ आली म्हणजे २०. पेशंट स्वतः आकडा सांगतो. सुरुवातीला १२ ते १३ ला ठेवा, म्हणजे थोडं जड जातंय पण एखादं वाक्य बोलता येतंय. वाक्य मध्येच तुटायला लागलं की कमी करा. तक्ता मोठ्या अक्षरात छापून सायकलसमोर चिकटवा, आणि तो जो आकडा सांगेल तो खरा मानायचा, वाद नाही घालायचा. आणि कधी चक्कर, छातीत दुखणं, ठोके उलटसुलट, असं काही झालं तर लगेच थांबायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. औषध आपल्या मनाने बंद करायचं नाही हे तर तुम्हाला माहीतच असेल.

डॉक्सिसायक्लिनने कातडी उजेडाला नाजूक होते, मुख्यतः उन्हाला, पण मी माझ्या पेशंटला असं औषध चालू असेल तर ते संपेपर्यंत लेझर पुढे ढकलतो, व्यायाम मात्र नाही ढकलत. मॅडमना औषधांची पूर्ण यादी दाखवा, अगदी मलमंसुद्धा. जिथे कॅन्सरचा इतिहास आहे, गरोदरपण आहे, तिथेही आम्ही आधी डॉक्टरांना विचारतो, तुमच्याकडे तो प्रश्न नाही, पण इतर वाचणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो.

आईचा_मुलगा

मध्ये येतोय, माफ करा. माझी आई गरम पाण्याने भाजली होती, २५ टक्के, आता बरी आहे पण चालणं कमी झालंय. ऑनलाइन घरगुती लाल लाइटचे पट्टे मिळतात, मांडीला गुंडाळायचे, ते घेऊन घरीच केलं तर चालेल का? फिजिओकडे रोज नेणं जमत नाही.

पाऊलवाट

दादा, लाल दिवा दिसला म्हणजे डोस मिळाला असं होत नाही. बऱ्याच पट्ट्यांवर पॉवर लिहिलेली नसते, त्यामुळे किती ज्यूल गेले हे मोजताच येत नाही. उलट बाजूला काही लोक जास्त ताकदीची मशीन घरी आणतात, ५०० मिलिवॅटच्या वर गेलं की ते क्लास चारचं लेझर, ते एका जागी धरलं तर कातडी खरंच भाजते, आणि भाजून भरलेली कातडी बधिर असेल तर आईंना कळायचंही नाही. तुमच्याकडे जो वेळ आणि जी ताकद आहे ती आईंना दिवसातून तीनदा खुर्चीवरून उठायला बसायला लावण्यात घाला, हात न टेकता, सुरुवातीला पाच वेळा, मग सात, मग दहा. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे सरकणार नाही. महिनाभराने फरक मला लिहून कळवा.

नवी_कातडी

आईचा मुलगा दादा, त्यांना चालताना ग्राफ्ट ताणल्यासारखा वाटत असेल तर आधी मॉइश्चरायझर लावून दहा मिनिटं हळूहळू ताण द्या आणि मग उठबस. सुकलेल्या व्रणावर सरळ व्यायाम केला की तो चिरतो, माझा गुडघ्यामागे चिरला होता आणि पंधरा दिवस सगळं बंद पडलं.

धाकट्याची_ताई

नऊ आठवड्यांनी परत लिहितेय, मध्ये काही लिहिलं नाही कारण सांगण्यासारखं काही झालंय की नाही तेच कळत नव्हतं.

आई आली होती त्या गुरुवारी. मॅडमनी तिच्या तळहातावर प्रोब धरला, तिने डोळे घट्ट मिटले होते गॉगलच्या आत, संपल्यावर म्हणाली एवढंच? मी ज्यूलचं विचारलं. मॅडम आधी थबकल्या, मग त्यांनी वही काढून दाखवली, एका मांडीला १२ बिंदू, प्रत्येकी ६, म्हणजे ७२. डॉक्सिसायक्लिन संपेपर्यंत त्यांनीच थांबायला सांगितलं. बिंदू त्यांनी डोनर साइटच्या कडेच्या चांगल्या कातडीवर सरकवले, शिकवणाऱ्या सरांनी सांगितलं होतं तसे. आणि त्या शिकाऊ मुलाने स्वतःहून बोर्गचा तक्ता आणून चिकटवला, तेही लिहायला हवं.

पाचव्या आठवड्यात मशीन बिघडलं, दोन आठवडे लेझर नव्हतं. मला वाटलं आता हा परत मागे जाणार. नाही गेला. दुसऱ्या दिवशीचं दुखणं जरा जास्त होतं असं तो म्हणाला, पण सायकल चुकवली नाही. सहा मिनिटांची चालायची टेस्ट असते ना, ३० मीटरच्या कॉरिडॉरमध्ये इकडून तिकडे, ती सुरुवातीला २८० मीटर होती, मागच्या शुक्रवारी ३६५ झाली. त्यात लेझरचे किती आणि पंख्याचे किती आणि त्याच्या जिद्दीचे किती, ते मी आता विचारत नाही. पंखा मात्र मोठा फरक करून गेला, नवी कातडी ताई, तुमच्यामुळे. पाण्याच्या फवाऱ्याची बाटली आता आईच्या हातात असते, ती सायकलच्या मागे उभी राहते आणि बोर्ग १४ म्हणाला की पाठीवर मारते.

जिना अजून पूर्ण होत नाही. पण सातवी पायरी गेली. परवा अकराव्यावर थांबला, कठडा धरून, आणि मी नेहमीसारखी गप्प उभी होते तर तोच म्हणाला, "बोल ना काहीतरी, मला बोलता येतंय."